देवांची उतरंड

वर्गांत होमर शिकवितांना ऑलिंपसवरील देवांची उतरंड फळ्यावर काढणें आम्हांस कधींच जड गेलें नाहीं. झ्यूस वर, बाकीचे खालीं. मग दरवर्षीं कोणीतरी विद्यार्थी विचारतो, "आणि आपल्याकडे, सर?" येथें मात्र खडू अडतो.

खुद्द ऋग्वेदांतच या प्रश्नाचीं दोन उत्तरें आहेत. पहिल्या मंडलांत थोर देवांबरोबर लहान देवांसही नमन केलें आहे. आठव्या मंडलांत देवांमध्यें लहान कोणीच नाहीं असें म्हटलें आहे. मॅक्समुल्लरनें यांतून वाट काढली ती अशी, कीं ऋषि ज्या देवाची स्तुति करतो तोच त्या वेळेपुरता सर्वश्रेष्ठ.

मावळांत हा वाद डोळ्यांनी पाहावयास मिळतो. भाजें येथील लेण्यांत हत्तीवर आरूढ झालेली एक भव्य मूर्ति आहे. पुष्कळ पंडित तिला इंद्र म्हणतात. देवांचा राजा तो. पण त्याच्यापुढें नारळ फोडावयास कोणी येत नाहीं. इंद्रायणीच्या पलीकडे, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीं एकवीरा आहे. तिच्या चैत्री यात्रेस कोंकणांतून कोळी व आगरी हजारोंनीं डोंगर चढून येतात.

तर मग गर्दी हीच कसोटी मानावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वाडीच्या शिवेवर वाघजाई असते, म्हसोबा असतो. त्यांच्याकडे कोणी मोक्ष मागत नाहीं. गुरें सांजेला परत यावींत, एवढेंच मागणें. भक्त म्हणजे काय ती चार घरें.

१९२१ साली सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मुळशीच्या मावळ्यांनीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालें, गांवें बुडालीं. विठ्ठलास नव्या गांवीं पुन्हां मांडतां येतें. तो पूर्वीही सर्वत्र होताच. पण जो देव केवळ एका शिवेचा, त्याची शीव पाण्याखालीं गेल्यावर त्यानें कोठें जावें? आणि ज्यांचा तो होता, त्यांनीं कोणास सांगावें, कीं जमिनीच्या मोबदल्यांत हा दगड धरलेलाच नव्हता?

ऋग्वेदाचीं दोन्ही वचनें आम्हांस येथें जुळतात. देव लहान असतो तो अधिकारानें. ज्याचा तो असतो त्याला तो लहान नसतो. श्रेणी लावावयाचीच असेल, तर देवाचें राज्य केवढें हें न विचारतां, तो गेल्यानें कोणाचें काय जातें, हें विचारावें. त्या हिशेबांत शिवेवरचा शेंदूर फांसलेला दगड भाज्याच्या इंद्राहून पुष्कळ वर बसेल.