पोटातले पाणी आणि कागदावरचा आकडा

गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यात दोघांची पोटे पाण्याने फुगली. एक माझी चुलती, आंबेगाव तालुक्यातली. दुसरे मामा, जुन्नरकडचे. दोघांचे दुखणे वरून सारखे, आतून मात्र अगदी निराळे.

चुलती आयुष्यात कधी दारूला शिवली नाही. तरी पोट फुगताच गावात कुजबुज सुरू झाली, "जलोदर म्हणजे दारूचाच." लाजेने ती दोन महिने घराबाहेर पडली नाही. मग एका ठिकाणी रक्त तपासले. सीए-१२५ नावाचा आकडा ३५ च्या आत हवा, तो कितीतरी पट निघाला. "अंडाशयाचा कॅन्सर दिसतो," एवढे ऐकून चुलतभाऊ जमिनीला गिऱ्हाईक पाहू लागला. चुलती म्हणाली, "बाळा, माझ्यापायी जमीन मोडू नका. मला घरीच राहू द्या."

मी बी.कॉम. झालेला कारकून. एका पावतीवरून हिशेब मिटवायचा नसतो, ताळा घ्यायचा असतो, हे नोकरीने शिकवले. तिला पुण्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली, पाणी साचले, की ते अस्तर स्वतःच सीए-१२५ तयार करते. लिव्हर बिघडो, टीबी होवो की कॅन्सर, हा आकडा वाढतोच.

त्यांनी सुईने पोटातले पाणी काढले. रक्तातले आणि पाण्यातले अल्ब्युमिन ताडून पाहिले. फरक १.१ किंवा जास्त आला तर बहुधा लिव्हरच्या शिरेतला दाब वाढलेला असतो. चुलतीचा फरक कमी आला. पाण्यात एडीए मात्र खूप वाढलेले. दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून तपासला. पोटाचा टीबी निघाला! सहा महिने मोफत गोळ्या घेतल्या. आज ती भातलावणीला उभी राहते.

मामांचे उलटे झाले. त्यांच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. आम्ही आनंदाने घरी निघालो होतो. पण पाण्यातला सीईए चढा होता. हा पदार्थ १९६५ साली कॅनडातल्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधला. जठर-आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो पुष्कळदा वाढतो. तो कमी आला म्हणून कॅन्सर नाही असे होत नाही, पण पाण्यात फार वाढला तर दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांनी थांबवून घेतले, दुर्बीण घातली. जठरात गाठ होती.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले. मामा आणखी एक वर्ष आमच्यात राहिले. आधीचे चार महिने अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेले होते. मी त्या काळात गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणे करीत होतो. मामांनी करदोडा दोनदा सैल केला, ते मला दिसले नाही. ही बोच जात नाही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना सांगणे एवढेच. पोट फुगले तर लाजू नका. मंचर, नारायणगावच्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करा. पोटातल्या पाण्याची तपासणी करायची का, असे डॉक्टरांना विचारा. सगळे रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. एका आकड्यावर रडू नका, आणि एका आकड्यावर निर्धास्तही होऊ नका.