खुर्चीजवळचा दिवा

कोकणातील जुन्या घराचे माजघर दिवसाढवळ्याही अंधारे असते. पुढे पडवी आणि ओटी, मागे स्वयंपाकघर, दोन्ही अंगांना खोल्या आणि वर पावसासाठी खाली उतरत आलेले कौलारू छप्पर. मध्ये सापडलेल्या या खोलीला स्वतःची खिडकी क्वचितच लाभते. एखादे काचेचे कौल बसविलेले असेल, तर तेवढाच एक कवडसा दुपारी जमिनीवरून सरकत जातो. या अंधाराबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण त्याच्याबरोबर गारवा येतो. वैशाखातील उन्हाच्या वेळी वडीलधारी माणसे आपली आरामखुर्ची येथेच आणून टाकतात.

अशा खुर्चीसाठी दिवा निवडणे वाटते तितके सोपे नाही. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कंदील होता. वाचणारा ओटीवर बसला की कंदील ओटीवर जाई. माजघरात बसला की त्याच्या शेजारी चौरंगावर येई. उजेड बेताचाच, काचेला काजळी धरलेली. पण तो माणसाच्या मागे मागे हिंडत असे. वीज आली आणि दिवा तुळईला जाऊन बसला. तेव्हापासून माणसालाच दिव्याखाली जावे लागते.

अशाच एका घरातील आजोबांनी सत्तरी ओलांडल्यावर वाचन हळूहळू सोडले. रोज संध्याकाळी माजघरात बसून आजीला चार पाने वाचून दाखवायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. आजीला अक्षरओळख जेमतेम. तिचे सारे वाचन आजोबांच्या तोंडून होई. पुढे वाचनालयातून आणलेली पुस्तके अर्धी वाचूनच परत जाऊ लागली. चष्मा दोनदा बदलून झाला. "वय झालं आता," असे घरातील माणसे म्हणू लागली आणि आजोबांनीही ते मान्य करून टाकले. सातवीतल्या नातीने मात्र विचारले, "आजोबा, तुम्ही हल्ली वाचत का नाही?"

"अक्षरं पळतात गं बाय."

"मग सकाळी ओटीवर वर्तमानपत्र वाचता, तेव्हा नाही पळत?"

आजोबा क्षणभर थांबले. "तेव्हा नाही पळत खरी!"

सारे निदान त्या उत्तरात होते. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान राहू लागते आणि आतील भिंग पिवळसर व दाट होते. विशीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोहोचतो, त्याचा सुमारे एक तृतीयांशच साठीतील माणसाच्या वाट्याला येतो. अंधुक उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, हा समज खरा नव्हे. परंतु ते लवकर शिणतात, आणि शिणलेला माणूस पुस्तक मिटून ठेवतो.

घरच्यांनी प्रथम तुळईचा दिवा काढून दुप्पट उजेडाचा लावला. खोली उजळली, पुस्तकाचे पान मात्र फारसे उजळले नाही. दिवा खोलीच्या मध्यावर, खुर्ची कोपऱ्यात. आजोबा वाचावयास वाकले की त्यांच्याच डोक्याची सावली अक्षरांवर पडे. शिवाय प्रकाशाचा हिशेब मोठा कडक असतो. दिव्याचे अंतर दुप्पट झाले की पानावरचा उजेड अर्धा नव्हे, चतुर्थांश होतो. सहा फुटांवरचा दिवा दीड फुटावर आणला, तर तोच दिवा सोळापट उजेड देतो. म्हणून दिवा मोठा करण्यापेक्षा जवळ आणणे शहाणपणाचे.

नातीने आपला अभ्यासाचा दिवा आणला. त्याची मान हवी तशी वळत असे आणि वळविली तेथेच थांबत असे. मोटारींच्या स्प्रिंगांचे काम जाणणाऱ्या जॉर्ज कार्वर्डीन या इंग्लिश अभियंत्याने १९३२ साली स्प्रिंगांच्या बळावर तोलून राहणाऱ्या दिव्याचे पेटंट घेतले. दिव्याला माणसासारखा हात दिला, असेच म्हणावे लागेल. पूर्वीचा तारेचा दिवा इतका जवळ घेतला, तर कानशिलाला धग लागे. आता त्या जातीच्या ६० वॉटच्या दिव्याइतका उजेड आठ-नऊ वॉटचा एलईडी दिवा देतो आणि धगही थोडी.

पहिल्या दिवशी मात्र आजोबा डोळे चोळू लागले. दिवा समोर होता, त्याची झगझग थेट डोळ्यांत जात होती. नातीने तो डाव्या खांद्याच्या किंचित मागे नेला आणि छत्री इतकी खाली केली की बसलेल्या माणसाला आतील दिवा दिसू नये. पान लख्ख झाले. तरीही काही तरी खुपत होते. तुळईचा दिवा विझविलेला. भोवती काळोख आणि मध्ये पांढरे पान! नजर वर उचलली की डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यावे लागे, खाली वळविली की पुन्हा उजेडाशी. मग कोपऱ्यात एक बारीक दिवा चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून लावला. भिंतीवरून परतलेला तो मंद उजेड पुरेसा झाला.

आजोबांनी पुस्तक उघडले. आजी लसूण सोलीत बसली होती. ती म्हणाली, "अहो, मागचं एक पान पुन्हा वाचा. मी विसरले."

आता त्या खुर्चीजवळच्या दिव्याची वायर भिंतीच्या कडेने नेलेली आहे, म्हणजे रात्री उठताना कोणाचा पाय अडकू नये. बटण आजोबांच्या उजव्या हाताशी आहे. नातीचा अभ्यास सध्या माजघरातच चालतो, कारण दिवा एकच आहे.