शेणाची प्रतिष्ठा

काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे, हे ऐकतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. पाऊस आला, काऊचे घर वाहून गेले आणि आपण खुशाल चिऊच्या बाजूचे झालो. शेणाची अप्रतिष्ठा झाली ती तिथपासून! वस्तुतः पाडव्याला अंगणात ज्याचा गोवर्धन करून आपण पूजतो, ते शेण इतके उपेक्षणीय खचित नाही.

कोळसा आणि खनिज तेल जाळणे कमी करा, असा घोष हल्ली जगभर चालला आहे. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कर्ब आपण वर काढून हवेत सोडतो आणि पृथ्वी तापते. गवताचे तसे नाही. त्याने कर्ब हवेतूनच उसना घेतलेला असतो. जळताना तो परत जातो. त्यामुळे ऊस, मका, चिपाडे, शेण या साऱ्या मंडळींना अकस्मात मानाचे दिवस आले आहेत. परंतु सर्वांना एकाच पंक्तीला बसवायला माझे मन तयार होत नाही.

माझ्या मावशीकडे गोबरगॅस होता. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर गावोगाव नेला त्याच नमुन्याचा. खाली विहिरीसारखा खड्डा आणि त्यावर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी. २५ किलो शेणाचा साधारण एक घनमीटर गॅस होतो. मावशीला रोज दोन लागत. म्हणजे ५० किलो शेण आणि जवळजवळ तेवढेच पाणी कालवायचे! काकांनी पाहुण्यांना गॅसचे कौतुक सांगावे आणि मावशीने कोपरापर्यंत हात बुडवावेत, अशी कामाची वाटणी होती. त्यात थंडी पडली की खड्ड्यातले जंतू आळसावत, टाकी वर उठेना. आणि चकल्यांची कढई चढवायची वेळ नेमकी तीच! तरी मावशी चुलीकडे परत गेली नाही. धुराने येणारे डोळ्यांचे पाणी थांबले होते. शिवाय गोवरी जाळली की खत गेलेच. इथे गॅस मिळून वर शेणकाला शेतात जाई. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि टाकी गंजली.

उसाची गोष्ट निराळी. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला आपण २०२५ मध्ये गाठला. साखर झाल्यावर उरलेल्या मळीचे इथेनॉल करा, माझी तक्रार नाही. पण थेट रसाचेच करायचे म्हटले, की साखर लाडवात घालायची की मोटारीत, हा प्रश्न उभा राहतो. २०२३ च्या डिसेंबरात पाऊसमान कमी म्हणून सरकारनेच त्या हंगामापुरता रसाला लगाम घातला. पुढच्या हंगामात तो सैल झाला. उसाला पंप लागतो, खत लागते. उसनवारी तेवढी चोख राहत नाही. आणि पाणी? २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ऊस मात्र त्या मराठवाड्यातही होताच.

मावशीचा धाकटा मुलगा इंदुरास असतो. तिथे २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करण्याचा कारखाना उभा आहे. भाजीच्या देठांवर शहराच्या बसगाड्या धावतात. त्याने हे मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा मावशीने एवढेच विचारले,

“कालवतं कोण रे?”

“यंत्र, आई.”

मावशी बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली.