हातातले काम पुरे करताना

विणकामाचा आरंभ मोठा सुखाचा असतो. नवी लोकर हाती येते, सुयांवर पहिले टाके पडतात आणि मनासमोर अख्खा स्वेटर उभा राहतो. पाठ विणून होते, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत येतो आणि मग काही ना काही कारणाने ते काम पिशवीत जाते. घरोघरच्या कपाटांत अशी एखादी तरी पिशवी सापडेल. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेचा निरोप आला, तेव्हा वसतिगृहात एकत्र वाढलेल्या आम्ही सहाजणींनी याच पिशवीविषयी लिहायचे ठरवले. हाती घेतलेले काम पुरे कसे करावे, हे आम्ही याच आवारात, शाळेची घंटा झाल्यानंतरच्या वेळात शिकलो.

ते आम्हाला शिकवले स्वयंपाकघरातल्या मावशींनी. संध्याकाळची भांडी आवरली की त्या ओट्यावर बसत. मांडीवर पिंजलेल्या लोकरीचे पेळू आणि हातात टकळी असे. आमचा भाग दुष्काळी. दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर रानोमाळ फिरतात आणि वर्षातून दोनदा मेंढ्यांची लोकर कातरतात. धनगर घरांतील स्त्रियांनी ती चरख्यावर कातायची, सनगर कारागिरांनी खड्ड्यातल्या मागावर तिची घोंगडी विणायची आणि चिंचोक्याची खळ लावून तिला ताठपणा आणायचा, अशी ही जुनी परंपरा. ती लोकर काळी, राठ आणि टिकाऊ. मऊपणा तिच्यात नाही. मावशी ती विकत आणत, घरी निवडत, धूत, पिंजत आणि कातत. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाचा विचार पुढे आला आणि अनेक शाळांत सूतकताईचे तास सुरू झाले. अशाच एका शाळेत दोन वर्षे बसून मावशींनी टकळी हाती धरली होती. पुस्तक सुटले, टकळी मात्र राहिली.

कातताना हाताला धागा जमू लागला की काम झालेच असे आम्हाला वाटे. मावशींचा हिशेब निराळा होता. एकेरी धाग्यात पीळ जिवंत असतो. तो तसाच विणायला घेतला तर स्वेटर एका अंगाला तिरका ओढला जातो आणि कडा सरळ राहत नाही. म्हणून एकाच दिशेने कातलेले दोन धागे जोडीने घेऊन त्यांना उलट दिशेने पीळ द्यायचा. मग लड बांधून ती अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवायची आणि सावलीत टांगायची. वाळल्यावर त्या धाग्याचा एक सैल झोळ हातातून खाली सोडत. झोळ मोकळा लोंबला तर धागा तयार. स्वतःभोवती गुरफटला तर पीळ अजून समतोल नाही. या कसोटीला उतरेपर्यंत त्या सुयांना हात लावू देत नसत.

विणकामातही हाच क्रम. सुलट-उलट टाके आम्ही आठवड्याभरात शिकलो. स्वेटर पुरा करायला शिकण्यात दोन हिवाळे गेले. दोन्ही बाह्या दोन गुंड्यांवर एकाच सुईवर बरोबरीने विणायच्या, म्हणजे त्या लांबीला सारख्या उतरतात. आधी खांदे जोडायचे, मग बाह्या लावायच्या आणि शेवटी बाजूची शिवण खालून वर घ्यायची. शिवताना कडेच्या पहिल्या व दुसऱ्या टाक्यामधला आडवा दोरा दोन्हीकडून आळीपाळीने उचलायचा, म्हणजे शिवण दिसत नाही. सुटलेले धागे गाठ मारून कापायचे नाहीत. वीतभर धागा राखून तो बोथट सुईने आतल्या बाजूस आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला ओवायचा. नुसती गाठ धुण्यात सुटते आणि सुटली की भोक वाढत जाते. गळ्याचे टाके बंद करताना सुई एक नंबर जाड घ्यायची. तिथे हात आखडला की मावशी विचारत, “अगं, पोरीचं डोकं जाईल का त्यातनं?” लहान मुलांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, हे आम्हाला त्या प्रश्नाने शिकवले.

राठ लोकर टोचते, म्हणून गळ्याची पट्टी त्या बाजारच्या मऊ लोकरीची करत. बाकीचा स्वेटर गणवेशावरूनच घालायचा असे. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणायची, हा त्यांचा आणखी एक नियम. विणलेले कापड जिथे टाके बंद केले त्या टोकाकडून सहज उसवते. मुलीचे हात लांबले की मनगटाची पट्टी उसवायची, चार बोटे विण वाढवायची आणि पुन्हा बंद करायची. त्यामुळे त्यांचा एकेक स्वेटर दोन-तीन मुलींच्या अंगावरून जाई.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मावशी गेल्या. त्यांची ट्रंक उघडायला आम्हाला बोलावले गेले. आत चार अपुरी कामे आणि कातलेल्या लोकरीच्या दोन लडी होत्या. एका स्वेटरचे सगळे भाग तयार होते, फक्त जोडणी राहिली होती. दुसऱ्याला एक बाही होती, दुसरी नव्हती. तिसऱ्याचा पुढचा भाग मुंढ्यापाशी थांबला होता. चौथ्याची नुसती खालची पट्टी झाली होती. पहिल्या तिन्ही कामांना एकेक सुतळी बांधलेली होती आणि तिला दोन गाठी होत्या. एका गाठीपर्यंत छाती, दुसऱ्या गाठीपर्यंत बाही. मावशी अशीच मापे घेत. नाव मात्र कुठेच नव्हते.

आमच्यात मतभेद झाला. दोघींना वाटले की त्यांच्या हातचे टाके जसेच्या तसे जपावेत. त्यांत आपला हात मिसळला तर ते मावशींचे राहणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य होते. बाकीच्यांचे म्हणणे असे की यातला एकही स्वेटर ट्रंकेत ठेवण्यासाठी सुरू झाला नव्हता. त्या सुतळ्यांच्या मापाच्या मुली वसतिगृहात कुठेतरी होत्या, आणि मुलगी वाढते. सुतळी वाढत नाही. हिवाळा तीन महिन्यांवर होता. अखेर सगळ्याजणी विणायला बसलो.

पहिली अडचण हाताची निघाली. मावशींची वीण घट्ट. 8 नंबरच्या सुयांवर त्यांचे 22 टाके 10 सेंटिमीटरमध्ये बसत, आमचे 20च. ऐंशी टाक्यांच्या पाठीत हा फरक साडेतीन सेंटिमीटरांहून अधिक होतो. सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणून आम्ही 9 नंबरच्या सुया घेतल्या. नमुन्याचे तुकडे विणून, धुऊन, वाळवून मोजले आणि आमच्यापैकी जिचा हात त्यांच्या सर्वांत जवळ आला, तिच्याकडे ती राहिलेली बाही दिली. दुसरी अडचण लोकरीची. लडींतली लोकर तिसऱ्या स्वेटरच्या पुढच्या भागाला लागली आणि बाहीला पुरेना. तेव्हा चौथे काम उसवले. उसवलेला धागा नागमोडी असतो. त्याची लड करून तो भिजवला आणि खाली हलके वजन बांधून टांगला, तेव्हा तो सरळ झाला. त्याच लोकरीने बाही पुरी झाली. उसवण्याला सर्वांत जास्त विरोध करणारीनेच ती लड भिजवली होती.

तयार स्वेटर रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता धुतले. ओली लोकर टांगली तर स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून पंचात गुंडाळून पाणी दाबून काढले आणि चटईवर मापात पसरून ते वाळवले. धुतल्यावर टाके एकमेकांत बसले. त्यांचा हात कुठे संपला आणि आमचा कुठे सुरू झाला, ते नीट पाहिले तर आजही दिसते. ते लपवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्या तीन सुतळ्या घेऊन आम्ही वसतिगृहात गेलो. मावशींनी ज्यांची मापे घेतली होती त्या मुली कोणत्या, हे कोणालाच सांगता आले नाही. कदाचित त्या तोवर वाढूनही गेल्या असतील. सुतळी लावत गेलो तेव्हा सहावीतल्या दोघींना आणि सातवीतल्या एकीला मापे बरोबर आली. गळ्यातून डोके सहज गेले.

तेव्हापासून आम्ही सहाजणी दर वर्षी शाळा सुरू होताच सुया काढतो. नियम एकच: हातातला स्वेटर धुऊन, वाळवून, घडी घालून झाल्याशिवाय नवी लोकर आणायची नाही. विणण्याचा आनंद पुष्कळसा आपला असतो. शिवण, धागे ओवणे, धुणे या कामांत तो फारसा सापडत नाही, आणि ती कामे पाहून कोणी शाबासकीही देत नाही. पण पांघरणारीला ऊब मिळते ती एवढे झाल्यावरच.

वसतिगृहातील मुलींना एवढेच सांगावेसे वाटते की, टकळी आणि सुया मावशींच्या ओट्याजवळच्या फडताळात ठेवल्या आहेत. शिकायचे असेल त्यांनी रविवारी दुपारी यावे. येताना घरी अर्धवट राहिलेले एखादे काम असेल तर तेही घेऊन यावे; आपण आधी तेच पुरे करू.