सत्तरच्या वर, तिसाच्या खाली

माझा आणि गणिताचा संबंध बी.कॉम.च्या शेवटच्या पेपराला संपला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बँकेत चिकटल्यावर ती आणखीच पक्की झाली. बँकेत गणित लागतं हा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. बेरीज संगणक करतो, वजाबाकी आयकर खातं करतं आणि आमच्या वाट्याला उरतो तो शिक्का. त्यामुळे वयाच्या ४३व्या वर्षी, रात्री साडेअकरा वाजता, ओट्याशी उभा राहून मी वहीत लांबलचक भागाकार करतोय हे पाहून आई दारातच थबकली.

"काय रे करतोयस एवढ्या रात्री?"

"आरएसआय काढतोय."

"अगं बाई! कशासाठी? छातीत दुखतंय का?"

आमच्या घरात आजवर जे जे काही 'काढलं' गेलं, ते म्हणजे एक्सरे, ईसीजी आणि कर्ज. तेव्हा तिचं घाबरणं चुकीचं नव्हतं. दुखतही होतं, पण छातीत नव्हे, पंपात. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शंभर शेअर माझ्याकडे होते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमच्या शाखेतला तीन नंबर. बँकेत माणसं नावापेक्षा काउंटरनं ओळखली जातात. तर तीन नंबर एकदा डबा खाताना म्हणाला, "भाव काय बघतोस? भाव गिऱ्हाईकही बघतं. वेग बघ, वेग!" मग त्यानं मला समजावलं. आपली लोकल डोंबिवलीच्या फलाटात थांबते ती एकदम थांबत नाही. आधी मंदावते. जाणता प्रवासी गाडी मंदावली की दाराशी सरकतो, नवखा बसून राहतो आणि मग कल्याणला उतरतो. शेअरचंही तसंच. भाव पडायच्या आधी त्याच्या चढण्याचा वेग कमी होतो. तो वेग मोजायचा. त्याला म्हणायचं मोमेंटम.

मला हे इतकं पटलं, की मी भाजीतला शेवटचा बटाटा त्याला देऊन टाकला. गाडी मध्येच सिग्नलसाठीही मंदावते, आणि दाराशी सरकलेला जाणता प्रवासी मग पंचवीस मिनिटं कोणाची तरी बॅग पाठीत घेऊन उभा असतो, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही. आणि आम्ही दोघंही वीस वर्षं रोज त्याच गाडीनं येत होतो!

हा वेग मोजायची जी अनेक यंत्रं आहेत त्यांत आरएसआय सगळ्यांत लोकप्रिय. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९७८ साली एका पुस्तकात तो मांडला. वाइल्डर मूळचा मेकॅनिकल इंजिनियर. म्हणजे ज्याला पंप कळायचा त्यानं शेअर मोजले, आणि ज्याला दोन्ही कळत नव्हतं त्यानं पंपाचे शेअर घेतले. कृती मात्र सोपी आहे. गेले १४ दिवस घ्यायचे. ज्या दिवशी भाव वाढला त्या वाढींची बेरीज एका बाजूला, ज्या दिवशी पडला त्या घटींची बेरीज दुसऱ्या बाजूला. अगदी आपलं जमा आणि नावे. समजा वाढ झाली ४२ रुपये आणि घट १४ रुपये. ४२ला १४नं भागलं, आले ३. त्यात १ मिळवला, झाले ४. शंभराला ४नं भागलं, आले २५. ते शंभरातून वजा केले की उरले ७५. हा तुमचा आरएसआय. ७०च्या वर गेला तर माल जरुरीपेक्षा जास्त खरेदी झालाय, ३०च्या खाली गेला तर जरुरीपेक्षा जास्त विकला गेलाय. मोबाइलवर हे सगळं बोट लावताच दिसतं. पण बँकेतल्या माणसाला छापील शिल्लक स्वतः तपासल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून माझी वही.

पंपाचा आरएसआय २८ झाला तेव्हा मी ४०० रुपयांनी शंभर शेअर उचलले. पैसे होते ओट्याचे. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला जुना कडप्पा काढून तिथं ग्रॅनाइट बसवायचा म्हणून हिनं दोन वर्षं भिशीतून साठवलेले पैसे. माझ्या खात्यात ते केवळ मुक्कामाला होते. आम्हां बँक कर्मचाऱ्यांच्या नियमांत शेअरांचा सट्टा हे गैरवर्तन धरतात, पण गुंतवणुकीला आडकाठी नाही. त्यामुळे मी याला मनातल्या मनातसुद्धा गुंतवणूकच म्हणत होतो.

दोन आठवड्यांत भाव ३५२ झाला आणि आरएसआय २२. मी तीन नंबरकडे गेलो. तो म्हणाला, "उत्तम! आणखी ओव्हरसोल्ड झाला." डॉक्टरनं 'ताप उत्तम चढलाय' म्हणावं तसं. पुढे तर गंमतच झाली. भाव ३३२वर उतरला, पण आरएसआय २२वरून ३१वर चढला. तिसाची रेघ ओलांडली! मी शाखेत भजी मागवली. त्यानंतर भाव ३१८ झाला. मला उशिरा कळलं ते असं, की आरएसआय वर आला होता म्हणजे भाव वर येत नव्हता. घसरण चालूच होती, फक्त तिची घाई कमी झाली होती. जिन्यावरून गडगडत येणारा माणूस शेवटच्या पायऱ्यांवर जरा सावकाश गडगडतो, एवढाच त्याचा अर्थ. ३१८ला मी विकून मोकळा झालो. ८,२०० रुपये गेले, दलाली वेगळी.

माझं नशीब त्यातल्या त्यात बरं. फेब्रुवारी २०२०च्या शेवटी निफ्टी ११,२००च्या आसपास असताना आरएसआय असाच तिसाखाली गेला होता. 'आता याहून काय पडणार' म्हणून ज्यांनी तेव्हा उडी घेतली, त्यांनी २३ मार्चला तोच निफ्टी ७,६१०वर बंद झालेला पाहिला. तिसाखाली तळघर असतं आणि तळघराखाली आणखी तळघर. वाइल्डरनं पट्टी शून्यापर्यंत आखली आहे ती उगाच नव्हे.

वरच्या बाजूची तऱ्हा मला आमच्या मॅनेजरसाहेबांमुळे समजली. वही हाताशी होती म्हणून मी साहेबांच्या रागाचा आरएसआय काढायला घेतला. ओरडले की जमा, हसले की नावे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आकडा ७८ झाला. म्हटलं, ७०च्या वर गेला, आता उतरणारच, आणि रजेचा अर्ज पुढे केला. आकडा ८६ झाला. वर्षअखेर संपेपर्यंत साहेब सत्तरच्या खाली आलेच नाहीत. जोरदार चढाव असला की आरएसआय महिना महिना सत्तरच्या वर मुक्काम ठोकतो, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा डोक्यात शिरलं. त्याआधीच रंगाच्या कंपनीचे पन्नास शेअर मी ७२ आकडा पाहून विकले होते. ते पुढचे दोन महिने वरच जात होते. मी मोबाइल उलटा ठेवायला लागलो.

मध्यंतरी एमएसीडीही करून पाहिला. तो शोधणारा जेराल्ड ॲपल मनोविश्लेषणाचाही व्यवसाय करायचा म्हणे. आपले गिऱ्हाईक कोण असणार याचा त्याला अंदाज असावा. त्यात १२ दिवसांच्या सरासरीतून २६ दिवसांची सरासरी वजा करायची आणि त्या वजाबाकीची पुन्हा ९ दिवसांची सरासरी. सरासरीची सरासरी काढत बातमी हातात येईपर्यंत ती लग्न लागल्यावर पोचलेल्या पत्रिकेसारखी होते. खरी असते, पण जेवण संपलेलं असतं. जुलै २०२४ मध्ये सेबीनं जाहीर केलं, की २०२२-२३ सालात दिवसाच्या दिवसात शेअरांची खरेदी-विक्री करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ७१ टक्क्यांना तोटा झाला. एकाहत्तर! वाइल्डरच्या भाषेत ओव्हरबॉट. मी मात्र त्यांच्यातला नव्हतो. मला तोटा करायला आठवडे लागत.

पण माझा खरा जीव जडला तो डायव्हर्जन्सवर. भाव नवा उच्चांक करतो, पण आरएसआय मात्र मागच्या उच्चांकापर्यंत पोचत नाही. वरून सगळं झकास, आतून दम कमी झालेला. हे दोन रेघा मारून पकडायचं. एका रविवारी मी सोफ्यावर बसून मोबाइलवर बोटानं अशाच रेघा मारत होतो. आई अजून भाजी घेऊन वर आली नव्हती.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आईचं वय ७१. रोज सकाळी भाजी तीच आणणार. "मला काय धाड भरलीये?" हे वाक्य ती रोज आधीपेक्षा वरच्या पट्टीत म्हणायची. अलीकडे तिला वर यायला वेळ लागायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंशी ती गप्पा मारायची, दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचा सूचनाफलक वाचायची. मी हिला कौतुकानं म्हणालो, "आई हल्ली किती माणसांत मिसळायला लागली, नाही?"

ही लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आई गप्पा मारायला थांबत नाहीत. दम खायला थांबतात."

माझं बोट मोबाइलवर तसंच राहिलं.

"काकूंचं दार बंद असलं तरी थांबतात," ही म्हणाली. "आणि चष्मा घरी ठेवून फलक वाचतात."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. साहेबांनी काही विचारलं नाही, एप्रिल होता. डॉक्टरांनी आईच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.४. "किती दिवस झाले दम लागून?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "छे हो, दम कसला." मी फरशीकडे बघत होतो. हिनं सांगितलं, "गणपतीपासून." सात महिने! त्या सात महिन्यांत मी निदान सात कंपन्यांचे डायव्हर्जन्स पकडले होते.

आणखी तपासण्या करायच्या होत्या. पैशांचा विषय निघाला तेव्हा मी हिला बाजूला घेऊन घसा खाकरला. "ते ओट्याचे पैसे होते ना..."

"आठ हजार दोनशे कमी आहेत," ही म्हणाली. "रंगवाल्या कंपनीचे थोडे आले ते धरून सांगू का?"

मी वेड्यासारखा बघत राहिलो. तेव्हा कळलं, की रात्री ओट्यावर जी वही हाताला लागायची ती हिची दुधाच्या हिशोबाची. ही पुढून लिहीत होती, मी मागून. जानेवारीतच आमची मध्यावर गाठ पडली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुमचा आकडा तिसाच्या खाली होता."

सुदैवानं मोठं काही निघालं नाही. लोह कमी होतं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्यानं ९.६, मग १०.९. हे आकडे मी वहीत लिहिले, हिच्या बाजूनं. आईनं एकदा वही बघायला मागितली. "वर चाललंय ना? मग भागाकार कसला करतोस?"

आता भाजीची पिशवी मी उचलतो, म्हणजे उचलायचा प्रयत्न करतो. परवा मी, आई आणि दोन किलो कांदे असे वर येत होतो. आई पहिल्या मजल्यावर थांबली नाही. काकूंनी हाक मारली तरी "येते मागाहून" म्हणत पुढे गेली. दुसऱ्या मजल्यावर ती मागे वळून बघते तो मी फलकाशी उभा.

"काय रे?"

"काही नाही. सूचना वाचतोय."

पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना होती. मागच्या डिसेंबरातली.