घरी जनावरं आहेत का?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, माझी नऊ वर्षांची पोर बैलाच्या कानाशी बसून होती. कानाच्या आत एरंडीच्या बीएवढे टच्च फुगलेले गोचीड. ती एकेक उपटायची आणि दगडावर नखाने फोडायची. बोटं रक्ताने माखलेली. मीच तिला शाबासकी दिली. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात पोरांचं हे नेहमीचंच काम.

महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी तिला ताप भरला. आई म्हणाली, "पोरगी जेवत नाही रे, अंग तव्यावानी तापलं हाये." जवळच्या दवाखान्यात टायफॉइड सांगितला, सलाईन लावलं. ताप हटेना. चौथ्या दिवशी मनगटांवर, घोट्यांवर लाल ठिपके उठले. गोवर समजून आम्ही उशाशी निंबाचा पाला ठेवला. दोन दिवस त्यात गेले, ते मला अजून टोचतात. पावलं सुजली, ठिपके तळहातांवर आणि तळपायांवर आले, तेव्हा गाडी करून अकोला गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी तिचे तळवे पाहिले आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत का?" सहा दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

गोचीडताप म्हटला की आम्हाला म्हैस आठवते. पण गोचिडातून माणसालाही ताप येतो. गोचीड चावला किंवा बोटांत फुटला, की त्यातले रिकेट्सिया नावाचे जिवाणू अंगात शिरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतात. म्हणून ते ठिपके, म्हणून ती सूज. गोवराचं पुरळ चेहऱ्यावरून खाली येतं. हे बहुधा हातापायांवरून सुरू होतं. टायफॉइडची नेहमीची इंजेक्शनं इथे चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, जुनं आणि स्वस्त औषध. रिपोर्टची वाट न बघता ते सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला आणि पोरीने भाकर मागितली.

अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्येच 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये हा आजार लक्षणांवरून लवकर ओळखायची पद्धत मांडली होती. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातूनच वेगळा झाला. एवढ्या जवळची गोष्ट आमच्या गोठ्यापर्यंत पोचली नव्हती.

आता गोचीड चिमट्याने धरून घासलेटच्या डब्यात टाकतो. फोडू देत नाही. तापलेलं लेकरू दवाखान्यात न्याल, तेव्हा कोणी विचारो न विचारो, तुम्हीच सांगा: घरी जनावरं आहेत, लेकराने गोचीड काढले होते.