झाकण मिटले, डोळा उघडा

आमच्या रामपायलीत झोपेला तिथी आहे. चंदन नदीच्या काठावर रामाचे देऊळ. आषाढ शुद्ध एकादशीला देव निजतात, कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात, आणि पौर्णिमेला यात्रा भरते. म्हणजे दिवाळी येते ती देव झोपेत असतानाच. लहानपणी मी मायला विचारले होते, "आपण एवढे फटाके फोडतो, मग देव जागे नाही होत का?" माय म्हणाली, "त्याईची उठाची तिथी ठरली हाये. त्याच्या आधी कोनी उठवू नये."

हे वाक्य साठ वर्षांनी माझ्या लॅपटॉपला लागू पडेल, असे काही वाटले नव्हते.

लॅपटॉप मुलाचा. त्याने पुण्यात नवा घेतला आणि जुना मला दिला. "बाबा, तुम्हाला लिहायला पुरेल," म्हणाला. पुरलाही. निवृत्तीनंतर मी एकच काम मनावर घेतले आहे. मायचे शब्द टिपून ठेवायचे. माय आता शहाऐंशी वर्षांची. तिचे माहेर तिरोड्याकडचे; ते तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. तिच्या तोंडी ळ नाही आणि ण नाही. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. धानाच्या शेताची बांधी, तिचा धुरा, पाण्याची बोडी, रोवणीचे पऱ्हे, कापणीनंतरचा पुंजणा, हे शब्द तिच्या बोलण्यात अजून ताजे आहेत. आमच्या घरात मात्र ते तिच्यापाशीच थांबले आहेत.

एके काळी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, मराठी जिल्हे तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिला. शाळा हिंदी, कचेरी हिंदी. मराठी उरली चुलीपाशी, लग्नाच्या मांडवात आणि मायच्या रात्रीच्या बोलण्यात. तिला झोप लागत नाही. दोन-अडीचला उठून सपरीत बसते आणि बोलत राहते. मी शेजारी बाज टाकतो आणि लॅपटॉप उघडतो.

लिहिण्यासाठी एक अगदी साधी सोय मी वापरत असे. शाळेतल्या पाटीसारखी, आपणहून काही जतन न करणारी. माय थकली की मी झाकण मिटायचो आणि दुसऱ्या रात्री उघडायचो. कालचे शब्द जसेच्या तसे समोर! जतन करण्याचे बटण दाबायची मला कधी गरजच वाटली नाही. हा माझा दोष, तो आधीच सांगून टाकतो.

श्रावणातल्या एका संध्याकाळी यंत्राने विचारले, नवी आवृत्ती बसवू का? मी हो म्हटले. दीडेक तास चाक फिरत राहिले. सकाळी सगळे ठीक दिसले, फक्त चित्रे जरा गोल झाली होती.

दोन दिवसांनी वारासिवनीला निघालो. झाकण मिटून लॅपटॉप कापडी पिशवीत घातला. उतरताना पिशवी मांडीला चटका देऊ लागली. आत पंखा घरघरत होता. झाकणावर माझा विश्वास उरला नाही म्हणून मग रात्री मी यादीतून झोपेचा पर्याय हाताने निवडू लागलो. तरी रात्री भरलेली बॅटरी सकाळी नऊ टक्क्यांवर. एकदा तर मध्यरात्री कोनाड्यात उजेड दिसला. माय सपरीतून म्हणाली, "तुया डब्ब्याले बी झोप नाही लागत का रे? माझ्यावानीच झाला."

आम्ही दोघेही हसलो. ते हसू चार दिवस टिकले.

पाचव्या दिवशी पहाटे झाकण उघडले तर पडदा काळा. पंखा चालू, दिवा चालू, पडदा काळा. सगळी बटणे दाबून पाहिली. अखेर चालू-बंदचे बटण दाबून धरले, यंत्र विझले, पुन्हा लावले. पाटी कोरी होती. चार रात्रींचे शब्द गेले.

मायला म्हटले, "या चार रात्रींत काय काय सांगितलंस, पुन्हा सांग ना." तिने सांगितले, पण दुसरेच काहीतरी. तिचे बोलणे पोथीसारखे नाही, नदीसारखे आहे. गेलेल्या शब्दांपैकी दहाबारा परत आले. एक मात्र आला नाही. धान चुरताना अगदी शेवटी उरणाऱ्या पेंढीला तिच्या माहेरी एक नाव होते. ते मी टिपले होते एवढे आठवते. नाव आठवत नाही. तिलाही नाही. "व्हतं काहीतरी," म्हणाली आणि बराच वेळ अंगणाकडे पाहत बसली.

त्याच दिवशी वारासिवनीला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे गेलो. मराठी आणि हिंदी एका दमात बोलणारा मुलगा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काकाजी, डब्बा खराब नाही. ह्याले रातच्याला कोन उठवते, ते आधी पाहू."

त्याने एक काळी चौकट उघडली आणि यंत्रालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुला कोणकोणती झोप येते? शेवटचे कुणी उठवले? उठण्याची वेळ कुणी लावून ठेवली आहे? उठवण्याची परवानगी कुणाकुणाला आहे? मला गंमत वाटली. डॉक्टरसुद्धा मायला इतके प्रश्न विचारत नाहीत.

तेव्हा कळले की यंत्राच्या झोपेच्याही पायऱ्या असतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये त्यांचे नियम बांधले. नेहमीच्या झोपेत पडदा, चकती, पंखा सगळे थांबते. जागी राहते ती फक्त तात्पुरती स्मृती. तिच्यातली अक्षरे म्हणजे विजेचे इवलेसे साठे. ते सतत गळतात, म्हणून साधारण दर चौसष्ट सहस्रांश सेकंदाला ते पुन्हा भरावे लागतात. तेवढा प्रवाह चालू असेपर्यंत कालचे शब्द आज दिसतात. तो तुटला की पाटी कोरी. दुसरी आहे दीर्घनिद्रा. तीत यंत्र सगळी स्मृती आधी चकतीवर उतरवून ठेवते आणि मग पूर्ण विझते. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅटरी संपली तरी काही जात नाही. अलीकडच्या अनेक यंत्रांत तिसराच प्रकार असतो, मोबाइलसारखा. पडदा विझलेला, पण अधूनमधून निरोप पाहणे चालूच. त्याला झोप म्हणण्यापेक्षा डुलकी म्हणावे.

माझ्या यंत्राच्या तीन वेगळ्या गाठी निघाल्या. नव्या आवृत्तीने झाकणाची सेटिंग बदलली होती. झाकण मिटल्यावर 'काही करू नये' असे तिथे लिहिले होते, म्हणून पिशवी तापली. रात्री उठवणारे दोन होते. एक वेळापत्रक, जे नवीन काही आले का ते पाहायला पहाटे तीनला उठवायचे. आणि दुसरे नेटचे कार्ड. या कार्डाला उठवण्याची एक जुनी रीत आहे. तिचे नावच 'मॅजिक पॅकेट', जादूची पुडी. तिच्यात आधी ठरावीक खुणेचे सहा बाइट आणि मग त्या यंत्राचा पत्ता सोळा वेळा. म्हणजे नाव घेऊन सोळा हाका! कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे लागले होते, इथे सोळा हाकांत भागते. आमच्या घरी कुणी हाका मारत नव्हते; पण कार्डाला आता कुठल्याही खुटखुटीने उठवण्याची मोकळीक मिळाली होती. तिसरी गाठ काळ्या पडद्याची. पडदा चालवणारा ड्रायव्हर नव्या आवृत्तीने बदलला होता आणि झोपेतून उठताना तो अडखळत होता.

मुलाने कार्डाची परवानगी काढली, वेळापत्रकाचे उठवणे बंद केले आणि लॅपटॉप ज्या कंपनीचा होता तिचाच ड्रायव्हर पुन्हा बसवला. झाकण मिटले की दीर्घनिद्रा, अशी व्यवस्था करून दिली. दहा वेळा झाकण मिटून, उघडून दाखवले. मग मी पाटीची आणि चार रात्रींची गोष्ट सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला.

"काकाजी, झोप म्हनजे जतन नाही," तो म्हणाला. "लिवलं की आधी जतन करा. मंग त्याले झोपवा."

परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी थंड होती आणि ते वाक्य डोक्यात फिरत होते. मला वाटले, माझाही हिशेब तसाच चुकला होता. मायला सगळे आठवते, ती रोज बोलते, मग घाई कशाची, असे धरून मी कित्येक वर्षे घालवली. तो बारीक प्रवाह कुणाच्या तरी श्वासावर चालतो, हे लक्षातच आले नाही. काळा पडदा झाला नसता तर पेंढीच्या नावाचे तरी काय झाले असते? मी ते पाटीवर तसेच ठेवून दिले असते, आज ना उद्या बघू म्हणून.

आता मी प्रत्येक शब्दानंतर जतन करतो. त्या दोन बटणांचा आवाज मायच्या कानांनी टिपला आहे. परवा रात्री तिने विचारले, "हे टकटक काय करत राहतेस?"

"तुझे शब्द ठेवून देतो आहे."

"बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या पेंढीचं नाव नाही आठवलं बापा."

"आठवेल तेव्हा सांग. मी जागा ठेवली आहे."

खरेच ठेवली आहे. 'पुंजणा' या शब्दाच्या खाली एक ओळ मोकळी आहे आणि तिच्यापुढे अर्थ लिहिलेला आहे: चुरताना शेवटी उरणारी पेंढी. रोज उघडताना ती ओळ दिसते. दिवाळी झाली की एकादशी येईल, देव उठतील, यात्रेची गर्दी होईल, आणि यात्रेला मायच्या माहेरचे कुणी आले तर मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

मी झाकण मिटले. पंखा थांबला, दिवा विझला.

"झोपला का तुया डब्बा?"

"झोपला."

"मंग तू बी झोप," माय म्हणाली, आणि सपरीत एकटीच जागत बसली.